जागच्या जागी चालणे

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

वार्षिकांकासाठी लेख मागताना सरांनी वर्गात सांगितले, "मुलींनो, विषय आपल्या अनुभवातला घ्या." त्याप्रमाणे मी विषय घेतला आणि मैत्रिणींना सांगितला, तर त्या हसू लागल्या. ‘विज्ञान : शाप की वरदान’, ‘आजची स्त्री’, ‘विद्यार्थी आणि शिस्त’ असे भारदस्त विषय सोडून व्यायामाच्या यंत्रावर कोणी लिहिते का? परंतु ज्या वस्तूने आमच्या घरात दोन वर्षे वाद पेटता ठेवला, तिच्यावर मत मांडण्याचा अधिकार मला निश्चितच आहे, असे मला वाटते.

या यंत्राला ‘एलिप्टिकल क्रॉस ट्रेनर’ असे लांबलचक नाव आहे. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करते. दोन रुंद पावले, म्हणजे पेडल. त्यांवर उभे राहायचे. समोर दोन उंच दांडे. ते हातांनी मागेपुढे ओढायचे. पाय चालल्यासारखे हलतात, हात नांगर धरल्यासारखे जातात-येतात, घाम येतो. पण माणूस जिथल्या तिथेच असतो. आमच्या आजीने ते प्रथम पाहिले तेव्हा ती म्हणाली होती, "इतला पैसा दिसन जागवरच चालनं? बाहेर रस्ता सरी गयात का?"

आजीचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. किंबहुना या लेखाचा सारा विषय त्या प्रश्नातच आहे. रस्ते संपलेले नाहीत, हे खरे. पण ते सर्वांसाठी सारखेच मोकळे आहेत काय?

दोन वर्षांपूर्वी आईच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज अर्धा तास भरभर चालायला सांगितले. आई दुसऱ्या दिवसापासून चालायला लागली. पहाटे साडेपाचला शेजारच्या दोन काकूंबरोबर स्टेशनच्या रस्त्याने जायची, साडी खोचून, पायांत साध्या चपला. पहिला महिना बरा गेला. मग एकीच्या मागे कुत्रे लागले. मग मालाच्या गाड्या सुरू झाल्या. मग मिरचीचा हंगाम आला. आपल्या दोंडाईचेकरांना आणि नंदुरबारकरांना मिरचीच्या पथाऱ्यांचे वर्णन करून सांगायला नको. तो लाल गालिचा दुरून मोठा देखणा दिसतो, पण वारा आपल्या बाजूला फिरला की दीर्घ श्वास घेण्याची सोय राहत नाही. त्यानंतर उन्हाळा आला. मे महिन्यात पारा बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो तेव्हा सकाळी आठनंतर अंगणात उभे राहणेही नकोसे होते. आणि संध्याकाळी? संध्याकाळी बायका भाजीला जाऊ शकतात, देवळात जाऊ शकतात. पण काही काम नसताना नुसत्या भरभर चालत गेल्या, तर चौकातले चार लोक वळून पाहतात. या सगळ्यात आईचे गुडघे दुखू लागले आणि चालणे सुटले.

ही एकट्या माझ्या आईची कहाणी असती तर मी ती लिहिली नसती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ लोक पुरेशी हालचाल करीत नव्हते. त्यात पुरुषांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांचे ५७ टक्के होते. या दोन आकड्यांमधील अंतर आळसाने पडलेले आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा आपल्या आईबरोबर पहाटे स्टेशन रस्त्याने चालून यावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

"पूर्वीच्या बायकांना कुठे लागत होता व्यायाम?" असा एक प्रश्न हमखास विचारला जातो. जाते होते, उखळ होते, विहिरीचे पाणी होते. आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरींची गाणी शेतात आणि घरकामात, जात्यावर बसूनच जन्मली, याचा आपल्याला अभिमान आहे. परंतु त्या कष्टांना व्यायाम म्हणणे ही कष्टांची आणि व्यायामाची, दोघांचीही थट्टा आहे. व्यायाम माणूस आपल्या मर्जीने सुरू करतो आणि थकल्यावर थांबतो. जाते पीठ झाल्याशिवाय थांबत नसे, मग दळणारीच्या पाठीचे काही का होईना. आज जाते गेले, पण ओट्याशी उभे राहणे गेले नाही. दिवसभर उभे राहून पाय सुजतात, पण त्याने छातीचा भाता चालत नाही. घरकामाने थकवा येतो, दम वाढत नाही. आणि साखर व हृदय यांसाठी दम वाढणे आवश्यक असते. थोर व्यायामाची खूण अगदी सोपी सांगतात : चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. असा व्यायाम प्रौढ माणसाने आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे करावा आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काही करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे.

घरात बसून व्यायाम करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यासापेक्षा शरीर कमावण्यात घालविले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. १९०४-०५ मध्ये युजेन सँडो हा युरोपातला नामांकित बलभीम हिंदुस्थानात येऊन गेला. त्याच्या डंबेल्सचे वेड ओसरले, पण त्याचे नाव आपल्या वडिलांच्या बनियनला कायमचे चिकटले. १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रचार आपल्या संस्थानातील शाळांत केला आणि त्यावर पुस्तक लिहिले. बडोद्याचे द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ पासून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत सिद्ध केले. एवढी थोर परंपरा ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या लोकांनी यंत्र विकत घेताना मात्र जाहिरातीतल्या बाईच्या हसण्यावर विसंबून राहावे, याचे आश्चर्य वाटते.

आता आमची चूक सांगते. आईचे चालणे सुटल्याचे कळताच सुरतेच्या मामांनी आपल्याकडचे जुने यंत्र टेंपोत घालून पाठवून दिले. आपल्या भागातील शेकडो कुटुंबे उधना-लिंबायतकडे पोटापाण्यासाठी गेली आहेत. तिकडून साड्या येतात, तसे आमच्याकडे हे यंत्र आले. मामांनी पैसे घेतले नाहीत, फक्त टेंपोचे भाडे नानांनी दिले. यंत्र पुढच्या खोलीत बसवले. आईने आठ दिवस केले. नवव्या दिवशी तिचे गुडघे पूर्वीपेक्षा जास्त दुखू लागले. पंधराव्या दिवशी त्याच्या दांड्यावर टॉवेल आला, महिन्याने नानांचा सदरा आला आणि पावसाळ्यात तर ती आमची कपडे वाळवण्याची अधिकृत जागा झाली. आईच्या मनाला एकच लागून राहिले, की फुकट मिळालेली वस्तूही आपल्याकडून वापरली गेली नाही. दोष ती स्वतःला देत होती.

दोष तिचा नव्हता, हे मला बऱ्याच उशिरा कळले. ते कळण्यासाठी यंत्र चालते कसे, हे समजून घ्यावे लागले. कलाशाखेच्या विद्यार्थिनीलाही समजेल इतके ते सोपे आहे. पेडल ज्या लांब दांड्यावर असते त्याचे एक टोक चाकाला जोडलेले असते, ते वर्तुळात फिरते. दुसरे टोक छोट्या चाकावर रुळावरून सरळ पुढेमागे जाते. एक टोक गोल फिरते, दुसरे सरळ जाते. म्हणून मधले पाऊल या दोहोंच्या मधला, लांबट गोल मार्ग आखते. भूमितीत त्याला लंबवर्तुळ म्हणतात. इंग्रजीतल्या त्याच्याच नावावरून यंत्राला ‘एलिप्टिकल’ म्हणतात. अमेरिकेतील प्रिकॉर कंपनीने १९९५ साली हे यंत्र बाजारात आणले. त्यातले मर्म असे की, पाऊल पेडलवरून कधी उचललेच जात नाही. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट आघात जमिनीकडून पायावर होतो. तो येथे टळतो. म्हणूनच गुडघेदुखीच्या माणसाला धावण्यापेक्षा हे बरे, असे सांगतात. शिवाय सायकलवर आपण बसून असतो. येथे स्वतःचे वजन स्वतः पेलतो आणि हातांनाही काम मिळते.

परंतु हे सर्व तेव्हाच खरे, जेव्हा यंत्राचे पाऊल आपल्या पावलाएवढे असते. एके दिवशी मी नानांची लाकडी फूटपट्टी घेतली आणि मामांच्या यंत्राचे एक पेडल पूर्ण पुढे, दुसरे पूर्ण मागे करून त्यांतले अंतर मोजले. ते अकरा इंच भरले. माझी आई पाच फूट दोन इंच उंच आहे. तिच्या उंचीच्या माणसाला चौदा ते सोळा इंच, साडेपाच फुटांच्या माणसाला सोळा ते अठरा आणि सहा फुटांच्या आसपासच्या माणसाला वीस इंच, असा साधारण अंदाज जाणकार देतात. पाऊल तोकडे असले की चालणे राहत नाही, जिना चढल्यासारखे होते; गुडघा नको इतका वाकतो. म्हणजे आई जे गुडघे वाचवण्यासाठी यंत्रावर चढत होती, तेच गुडघे ते यंत्र भरडत होते. दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून चालता येत नाही, हे आपल्याला कळते. दुसऱ्याच्या मापाचे यंत्र मात्र आपण ‘मशीन ते मशीन’ म्हणून घरात आणतो.

ज्यांच्या घरी हा विषय निघाला असेल त्यांच्या उपयोगासाठी, मी जे जे तपासायला शिकले ते येथे नमूद करते.

पावलाच्या मापानंतर दोन पेडलांमधले आडवे अंतर पाहावे. ते जास्त असले की पाय फाकून चालावे लागते आणि कंबर धरते. मग फ्लायव्हील, म्हणजे आतले जड चाक. ते जड असेल तर गती एकसारखी राहते. हलके असेल तर प्रत्येक फेरीला झटका बसतो. अगदी स्वस्त यंत्रांत हे चाक चार-पाच किलोंचे असते. चाकाला अडवणारा जोर चुंबकाचा असावा. पट्टा घासून अडवणारी यंत्रे आवाज करतात आणि पट्टा झिजतो. जोर कमी-जास्त करण्याची कळ साधी, हाताने फिरवायची असली तर उत्तम. अशा यंत्राला बहुधा विजेची गरजच लागत नाही, आकड्यांच्या पडद्याला दोन सेल पुरतात. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा हा मुद्दा किरकोळ समजू नये.

यंत्राचे स्वतःचे वजन विचारावे. विक्रेता ‘सहज उचलता येते’ असे कौतुकाने सांगू लागला तर सावध व्हावे. जे सहज उचलता येते, ते वापरताना सहज हलतेही. किती वजनाच्या माणसापर्यंत ते चालते, हेही विचारावे आणि आपले वजन त्या मर्यादेच्या बरेच आत असावे. पडद्यावर दिसणाऱ्या कॅलरींच्या आकड्यावर फारसा विश्वास ठेवू नये. ज्या यंत्राला आपले वजनसुद्धा सांगितलेले नसते, ते आपण किती जाळले हे कसे सांगणार?

खोली मोजावी, आणि केवळ लांबी-रुंदी मोजून थांबू नये. पेडल वर जाते तेव्हा माणूस जमिनीपासून फूट-दीड फूट वर असतो. साडेपाच फुटांचा माणूस सात फुटांचा होतो. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत माळवद खाली असते आणि नव्या घरांत डोक्यावर पंखा असतो. उन्हाळ्यात पंख्याखालीच यंत्र ठेवण्याचा मोह होणार, हे ओळखून ही सूचना मुद्दाम करीत आहे : यंत्र पंख्याच्या पात्याखाली ठेवू नये, वारा बाजूने घ्यावा.

आणि शेवटी, बिघडले तर दुरुस्त कोण करणार? मोठ्या शहरात कारागीर घरी येतो. आपल्याकडे तो धुळ्याहून किंवा नाशिकहून यायचा. ‘तीन वर्षांची हमी’ असे कागदावर असले तरी, ती दोंडाईच्यापर्यंत पोचते काय, हे विकत घेण्यापूर्वी लेखी विचारावे. रुळावर धूळ बसते, सांधे कुरकुरतात. पुसणे आणि तेल-वंगण हे आपल्यालाच करावे लागते. साखरेच्या रुग्णांनी अनवाणी चढू नये, बूट घालावेत, पावले रोज पाहावीत. आणि गोळ्या किंवा इन्शुलीन चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

हे सारे ज्ञान मिळाल्यावर मी आईला घेऊन धुळ्याच्या एका व्यायामशाळेत गेले. तिथे जड बांधणीचे, लांब पावलाचे यंत्र होते. आई आधी चढेचना. सभोवती तरुण मुले होती, आरसे होते. तेथील शिक्षिकेने हात धरून चढवले. पहिले मिनिट ती दांडा घट्ट धरून होती. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला तिचा पदर सुटला, तो तिने खोचला, आणि दहा मिनिटे थांबली नाही. उतरल्यावर गुडघ्याला हात लावून पाहिला. मग मला म्हणाली, "हाई मना पायना मापनं शे." किंमत विचारली तेव्हा ती लाखाच्या पुढे निघाली. परतीच्या बसमध्ये आम्ही दोघीही त्याविषयी बोललो नाही.

येथे वाचक म्हणतील, की मग निष्कर्ष काय? स्वस्त घ्यायचे नाही, महाग परवडत नाही. म्हणजे आजीचेच खरे! अंशतः आजीचे खरेच आहे. जो माणूस निर्धास्तपणे रस्त्यावर चालू शकतो, ज्याचे गुडघे धड आहेत, त्याने यंत्रावर पैसे घालू नयेत. माझे वर्गबंधू या सदरात येतात. त्यांना पहाट आहे, मैदान आहे, आणि औंधकरांचा सूर्यनमस्कार सतरंजीएवढ्या जागेत फुकट आहे. पण ज्यांच्यासाठी रस्ता मोकळा नाही त्यांना ‘रस्त्यावर चाला’ म्हणणे हा उपदेश झाला, उपाय नव्हे. त्यांच्यासाठी हे यंत्र चैन नाही.

मात्र आणखी एक गोष्ट आहे आणि ती कोणत्याही दुकानात सांगितली जात नाही. मामांचे यंत्र तोकडे होते हे खरे. पण त्या आठ दिवसांत मी काय पाहिले? आई यंत्रावर चढली की पाचव्या मिनिटाला नानांना चहा आठवायचा. सातव्या मिनिटाला भावाचा मोजा हरवायचा. दहाव्या मिनिटाला दूधवाला. आणि मी? मीही "आई, माझा डबा?" असे दोनदा विचारले होते, हे प्रामाणिकपणे कबूल करते. सलग अर्धा तास तिला एकाही दिवशी मिळाला नाही. रस्त्यावर निदान आम्ही तिच्या मागे जाऊ शकत नव्हतो. घरातल्या यंत्रावर ती आमच्या हाकेच्या टप्प्यात होती! यंत्राला जोर वाढवण्याची कळ असते. अर्धा तास देण्याची कळ त्याला नसते. ती घरातल्या माणसांच्या हाती असते. म्हणून माझे मत असे आहे की, यंत्र घेण्याआधी घराने दोन महिने परीक्षा द्यावी. ज्या बाईसाठी ते घ्यायचे आहे, तिला रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास मोकळा द्यावा. त्या वेळात तिने गच्चीवर चालावे, नमस्कार घालावेत, काहीही करावे, पण तिला कोणी हाक मारू नये. जे घर या परीक्षेत उत्तीर्ण होईल, त्यानेच पुढे पेडलाचे माप विचारावे. जे होणार नाही, त्याने दोरी बांधावी. कपडे वाळवायला ती पुष्कळ स्वस्त पडते.

आता मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने एक हिशेब मांडते आणि लेखाचा खरा हेतू उघड करते. आपल्या गावात आठ घरांनी वीस-वीस हजारांची हलकी यंत्रे घेतली, तर एक लाख साठ हजार रुपये खर्च होतात आणि वर्षभरात त्यांतल्या बहुतेकांवर टॉवेल येतात. त्याच पैशात एक चांगले, जड, लांब पावलाचे यंत्र येते. ते आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्यात ठेवले आणि सकाळी दोन तास व संध्याकाळी दोन तास केवळ विद्यार्थिनी, प्राध्यापिका आणि विद्यार्थ्यांच्या माता यांच्यासाठी राखले, तर अर्ध्या तासाच्या आठ पाळ्या रोज होतात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर अठ्ठेचाळीस पाळ्या. प्रत्येकीने तीन दिवस यंत्रावर आणि बाकीचे दिवस तिथेच सतरंजीवर सूर्यनमस्कार असा क्रम ठेवला, तर सोळा जणींची सोय होते. संख्या लहान आहे, हे मी जाणते. पण कपाटातल्या शून्यापेक्षा ती सोळाने मोठी आहे.

यावर आक्षेप येतील. जिमखाना विद्यार्थ्यांचा, तिथे मातांचे काय काम, असे कोणी म्हणेल. आपल्या जिमखान्यात आज कॅरम आहे, वजने आहेत, क्रिकेटचे साहित्य आहे. ते सर्व मुलांच्या हाती आहे आणि मुली दारातून नोटीस वाचून परततात. फी मात्र दोघांची सारखीच घेतली जाते. शिवाय या महाविद्यालयात शिकणाऱ्या कितीतरी मुला-मुलींच्या माता स्वतः महाविद्यालयाची पायरी कधी चढल्या नाहीत. त्यांना ती चढण्याचे एक निमित्त मिळाले, तर बिघडले कुठे? दुसरा आक्षेप खर्चाचा येईल. त्यासाठी स्नेहसंमेलनाच्या मंडपातली काही झुंबरे कमी करता येतील. यावर अधिक लिहिणे संपादक मंडळाला अडचणीचे होईल, म्हणून थांबते. तिसरा आक्षेप देखभालीचा. तो रास्त आहे. यंत्र पुसणे, तेल घालणे आणि पाळ्यांची वही ठेवणे यासाठी आम्ही तिसऱ्या वर्षाच्या सहा मुली नावे द्यायला तयार आहोत. माझे नाव पहिले लिहावे.

यंत्राने आपले गाव बदलेल, असा माझा दावा नाही. रस्त्यावर दिवे लागावेत, पहाटेची कुत्री आवरावीत, चौकातल्या नजरा खाली वळाव्यात, हे व्हायलाच हवे. आणि ते झाले की आजीचा प्रश्न पूर्णपणे खरा ठरेल, याचा मला आनंदच होईल. परंतु तोपर्यंत साखर थांबत नाही आणि गुडघेही थांबत नाहीत.

आमच्या घरची सध्याची स्थिती सांगून लेख पुरा करते. मामांचे यंत्र भंगारवाल्याला दिले. त्याने जे दिले ते टेंपोच्या भाड्याहून कमी भरले. आई पहाटे पाऊण तास गच्चीवर चालते. सव्वासहा ते सात या वेळात खालून तिला हाक मारायची नाही, असा नियम झाला आहे. पहिल्या आठवड्यात नानांनी तो दोनदा मोडला. आता ते स्वतःचा चहा स्वतः करतात आणि एक कप झाकून ठेवतात. परवाच्या तपासणीत साखर थोडी उतरलेली निघाली. गच्चीचे फेरे मोजायला आई कठड्यावर शेंगदाणे ठेवते. एका फेरीला एक. मे महिन्यात काय करायचे, हे मात्र अजून ठरलेले नाही. गच्ची तेव्हा पहाटेसुद्धा तापलेली असते.

त्याआधी जिमखान्याच्या सभेपुढे हा विषय यावा, एवढीच प्राचार्यांना आणि गुरुजनांना विनंती.